जुना कॉन ८डी की नवा यामाहा? लेकीच्या फ्रेंच हॉर्नसाठी सल्ला हवा

अंत्रुजकर (फोंडा)

माझी लेक यंदा बारावीला आहे. शाळेच्या बँडमध्ये असताना फ्रेंच हॉर्न (गोल वळलेल्या नळीचं, फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) हातात आला आणि तेव्हापासून तिने तो सोडलेला नाही. आतापर्यंतचं वाद्य बँडचं होतं, ते मार्चमध्ये परत द्यायचंय. तिचे सर म्हणतात, आता स्वतःचा डबल हॉर्न हवाच. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांच्या वरच्या ग्रेड बाकी आहेत, आणि बारावीनंतर मुंबईला जाऊन शिकायचं तिच्या मनात पक्कं आहे.

मडगावला एका घरात कॉन ८डी आहे, कॉन या अमेरिकन कंपनीचा हॉर्न. वाजवणारे गृहस्थ मुंबईत असत. ते वारल्यावर वाद्य गावी आलं आणि तेव्हापासून पेटीतच आहे. बेलवर (हॉर्नच्या रुंद तोंडावर) एल्कहार्ट कोरलेलं आहे, नंबर एल अक्षराने सुरू होतो. माणसं भली आहेत, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी सांगतात. दुसरीकडे नवा यामाहा ६७१. दुकानदार मागवून देईल, पण पैसे आगाऊ, आणि आधी वाजवून बघायची सोय नाही.

घरात सगळ्यांचा कल जुन्याकडे आहे. माझ्या माहेरी आजोबांच्या वेळचं व्हायोलिन आहे, दर पिढीला त्याचा आवाज खुलत गेला असं सगळे सांगतात. हॉर्नचंही तसंच असतं का? कर्ज काढून पैसे उभे करायचे आहेत, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रोटरवेडा (वास्को)

ताई, सगळ्यात आधी व्हायोलिनचा हिशेब बाजूला ठेवा. व्हायोलिनमध्ये झिजतात त्या तारा, खुंट्या, गजाचे केस. ते बदलता येतं आणि मूळ पेटी तशीच राहते. हॉर्नमध्ये झिजतो तो गाभाच.

डबल हॉर्नला चार रोटर असतात, म्हणजे हवेची वाट बदलणारे फिरते व्हॉल्व्ह, तीन बोटांचे आणि एक अंगठ्याचा. अंगठ्याने एफ सुराच्या लांब नळीवरून बी-फ्लॅट सुराच्या आखूड नळीवर जायचं. रोटर ज्या घरात फिरतो त्या घरात आणि रोटरमध्ये केसाहून बारीक फट असते, आणि तेवढ्यावरच हवा अडते. वर्षानुवर्षं फिरून ती फट वाढली की हवा गळायला लागते. मग हळू वाजवताना सूर उमटत नाही, वरचे सूर सटकतात, आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपले ओठच कमी पडतायत. शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. दोष वाद्याचा असतो आणि मूल स्वतःला दोष देत बसतं.

हॉर्नला गळती इतकी जाचते त्याला कारण आहे. एफची नळी सुमारे १२ फूट, बी-फ्लॅटची ९ फूट. एवढ्या लांब नळीवर आपण वरचे हार्मोनिक, म्हणजे एकाच नळीतून ओठांनी काढायचे चढते सूर, वाजवतो, आणि तिथे एक सूर दुसऱ्याला अगदी खेटून असतो. जरा आधार सुटला की शेजारच्या सुरावर पडलात.

दुसरी गोष्ट धातूची. पिवळ्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. श्वासातला ओलावा आणि लाळ आतून काम करत राहतात, जस्त निघून जातं, तांबं भुसभुशीत होऊन मागे राहतं. बाहेरून गुलाबी ठिपके दिसायला लागतात. याची सुरुवात बहुधा लीडपाइपपासून होते, म्हणजे माउथपीस जिथे बसतो त्या निमुळत्या नळीपासून. आणि सूर कसा लागणार हे त्या नळीवर फार अवलंबून असतं. तुमचा ८डी बहुतेक निकेल सिल्व्हरचा असेल. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी अजिबात नसते.

एल अक्षर ही मात्र चांगली खबर. १९७० च्या सुमारास कॉनचं काम इंडियानातल्या एल्कहार्टहून टेक्ससमधल्या ॲबिलीनला गेलं. त्याआधीचे एल्कहार्टचे ८डी आजही लोक शोधत फिरतात. नाव उत्तम आहे. हा एक नग कसा आहे, ते बघायचं राहिलंय.

बँडवाला निवृत्त (म्हापसा)

बाई, माझी सगळी नोकरी बँडात गेली. तुमचा ८डी आहे म्हणजे तुम्हाला ही भीती नाही, पण पुढे कोणी हा धागा वाचेल त्याच्यासाठी लिहून ठेवतो.

आपल्याकडे जुन्या पेटीत निघालेल्या कुठल्याही गोल वाद्याला लोक फ्रेंच हॉर्न म्हणून विकतात. पुष्कळदा तो मेलोफोन असतो. मेलोफोनच्या कळा उजव्या हाताने दाबतात. फ्रेंच हॉर्नच्या डाव्या हाताने, उजवा हात बेलमध्ये असतो. एवढं बघितलं तरी निम्मी फसवणूक टळते. दुसरं, इंग्रजांच्या काळातल्या लष्करी बँडांची वाद्यं चढ्या पट्टीची असत, ए सुमारे ४५२ हर्ट्झला. आज सगळीकडे ४४० चालतं. असं वाद्य स्लाइड (सूर जुळवायला पुढेमागे सरकवायची नळी) कितीही ओढली तरी धड सुरात येत नाही.

गोव्यात हॉर्न कमी का, हेही लक्षात घ्या. चर्चच्या शाळांतून सोल्फेज (सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं गेलं. फेस्ताच्या बँडात ट्रंपेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन. १९५२ साली आंतोनियो फिगेरेदो यांनी पणजीत अकादेमिया द म्युझिका काढली आणि सिंफनी ऑर्केस्ट्राही उभा केला, तेव्हा हॉर्नला इथे खरी जागा मिळाली. तरी वाजवणारे बोटावर मोजण्याइतकेच राहिले. म्हणून आपले दुरुस्तीवालेही पिस्टनची, म्हणजे वरखाली दाबायच्या व्हॉल्व्हची वाद्यं जाणतात. पोचा काढतील, तुटलेला सांधा डाग देऊन जोडतील, उत्तम काम करतील. रोटर नव्याने बसवणारा मात्र मला गोव्यात आजवर भेटलेला नाही. ८डी घ्यायचा तर हा विचार करूनच घ्या.

दुसरा हॉर्न (मूळचा साखळीचा, सध्या जर्मनीत)

मी इथे एका हौशी ऑर्केस्ट्रात वाजवतो. मला जुन्याची बाजू मांडायची आहे, कारण वरची सगळी चर्चा झिजेवर चाललीय आणि आवाजाबद्दल कोणीच बोललेलं नाही.

डबल हॉर्न १८९७ मध्ये एरफुर्टच्या फ्रिट्झ क्रुस्पेने पुढे आणला. ८डी हा त्याच घराण्यातला, १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आला. बेलचा घसा रुंद, त्यामुळे आवाज गोल, खोल, भरदार. चार हॉर्न एकत्र वाजत असताना मधला सूर धरायला मला यासारखं वाद्य माहीत नाही. यामाहा ६७१ गायर पद्धतीचा आहे, चारही व्हॉल्व्ह एका ओळीत, घसा लहान, आवाज जास्त टोकदार आणि सूर पटकन लागणारा. दोन्ही चांगले, पण ही दोन निराळी माणसं आहेत. मुलीने एकदा तरी ८डी वाजवून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

आणि न वाजवता मागवलेला नवा हॉर्न म्हणजे खात्री, असंही नाही. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक लागतो. इथे लोक दुकानात तीन-चार नग मांडून त्यातला एक निवडतात.

रोटरवेडा (वास्को)

दादा, आवाजाबद्दल बरोबर आहे. पण जुनी रचना आणि जुनं वाद्य यांत गल्लत नको. तुमच्या जर्मनीतच मायन्झच्या अलेक्झांडर घराण्याचं १०३ हे मॉडेल १९०९ पासून चालू आहे आणि आजही नवं मिळतं. क्रुस्पे पद्धतीचा रुंद आवाज हवा असेल तर यामाहाचा ६६८ त्याच वळणाचा आहे. तो आवाज मिळवायला साठी गाठलेले रोटरच हवेत असं नाही.

डेनिस ब्रेनचं उदाहरण आठवा. विसाव्या शतकातला इंग्लंडचा सगळ्यात नावाजलेला हॉर्नवादक. बारीक नळीचा राऊ बनावटीचा फ्रेंच पिस्टन हॉर्न वाजवून त्याने नाव कमावलं, आणि १९५१ मध्ये तो बाजूला ठेवून अलेक्झांडरचा सिंगल बी-फ्लॅट घेतला. त्यावर त्या वेळी टीका झाली. पण कामाला काय हवं ते त्याने बघितलं.

अंत्रुजकर (फोंडा)

सगळ्यांचे आभार. रविवारी मडगावला जातोय. आमच्याबरोबर जाणकार कोणी नाही, सर त्या दिवशी बाहेरगावी आहेत. लेक आणि मी काय काय तपासायचं?

रोटरवेडा (वास्को)

सोबत लागेल ते: तिचा स्वतःचा माउथपीस, रोटरचं तेल, स्लाइडचं ग्रीस, ट्यूनरचं ॲप, बारीक टॉर्च.

इतकी वर्षं पेटीत पडून असेल तर रोटर अडकलेले असू शकतात. कळ जोराने दाबायची नाही. तेल सोडा, थांबा, हळूच हलवा. स्लाइड निघत नसेल तर निघत नाही म्हणून सोडून द्या. पक्कड लावू नका. परक्याचं वाद्य आहे.

रोटर फिरायला लागले की मुख्य परीक्षा. कळ न दाबता पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड ओढून काढा, पुरी नाही, थोडी. आत पोकळी तयार होते. चार-पाच सेकंद थांबा आणि मग कळ दाबा. फट्ट असा स्पष्ट आवाज आला तर हवा अडली होती, रोटर आणि स्लाइड दोन्ही घट्ट आहेत. नुसतं फुस्स झालं किंवा काहीच झालं नाही, तर गळती. हे प्रत्येक व्हॉल्व्हच्या स्लाइडवर करा, एफच्या बाजूला आणि बी-फ्लॅटच्याही. मात्र तेल आणि ग्रीस ताजं असलं तर थोडी गळती झाकली जाते, म्हणून वाजवून झाल्यावर पुन्हा एकदा करा.

मग रोटरच्या मागची टोपी फिरवून काढा. आत आडव्या रेघा दिसतील. कळ मोकळी असताना आणि दाबल्यावर, दोन्ही वेळा त्या रेघा समोरासमोर यायला हव्यात. येत नसतील तर घाबरू नका, रोटर जिथे थांबतो तिथले कॉर्क झिजलेत एवढाच अर्थ, ते स्वस्तात बदलतात. कळ आणि रोटर जोडणारा दोरा तुटका किंवा कुजका असेल तरी चालेल, नवा बांधता येतो. खटखट आवाज बहुतेक वेळा याच दोन कारणांनी येतो. पण रोटरचा दांडा बोटाने धरून हलवला आणि तो बाजूला डुगडुगला, तर ती खरी झीज.

लीडपाइप हाताने चाचपा, टॉर्च लावून बघा. ठिपके, ठिगळं, जुने डाग दिलेल्या जागा. बेलवरचे पोचे कितीही दिसोत, त्यांचं फार मनावर घेऊ नका.

हे सगळं झाल्यावरच वाजवायला घ्यावं. आधी हळू, खर्जातून वर. जोराने वाजवताना गळकं वाद्यही बरं वाटतं, खरा कस हळू वाजवण्यात आहे. एकच सूर ट्यूनर न बघता लावायचा आणि लागल्यावर ट्यूनर बघायचा, म्हणजे कानाने सूर ओढून दुरुस्त केला जात नाही.

डिचोलीची पुष्पा

मी वाजवत नाही, माझा मुलगा वाजवतो. रोटरवेडा भाऊंच्या यादीत एक घालते: पेटीचा वास घ्या. जुन्या पेटीच्या मखमलीत बुरशी असली तर ती पेटी घरात आणूच नका, वाद्य चादरीत गुंडाळून आणा.

आणि नवं घ्या की जुनं, आपल्या पावसाळ्याची तयारी ठेवा. जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, समुद्राजवळच्या घरात त्यात मीठही. वाजवून झालं की स्लाइड काढून पाणी पुरतं झटकायचं, बाहेरून सुक्या मऊ कपड्याने हातांचा घाम पुसून घ्यायचा, लगेच पेटी बंद करायची नाही. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की बदलायच्या. आम्ही गणपतीत आठवडाभर गावी गेलो तेव्हा हॉर्न सोबत नेला, न वाजवता ठेवला असता तर रोटर जाम झाले असते.

अंत्रुजकर (फोंडा)

जाऊन आलो. सगळं सांगितलं तसंच केलं, मडगावच्या काकूंनी चहा-पाव देऊन बसवून ठेवलं आणि हवा तेवढा वेळ दिला.

रोटर तेल घातल्यावर फिरले. पहिल्या आणि दुसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइड छान फट्ट करतात. तिसऱ्याच्या दोन्ही बाजू फुस्स. अंगठ्याचा रोटर बोटाने हलवला तर स्पष्ट डुगडुगतो. लीडपाइपवर हाताशी एक जुनं ठिगळ आहे. बेलला दोन पोचे. रेघा थोड्या सरकलेल्या. बेल जोडलेली आहे, निघत नाही.

आता आवाज. मी संगीतातली नाही, पण तो मधला पट्टा ऐकला आणि खोलीतले सगळे गप्प झाले. लेक उठायलाच तयार नव्हती. मग तिने वरचे सूर हळू वाजवून बघितले तर दर दोन-तीन सुरांनंतर तुटत होतं. तिच्या सरावाच्या हॉर्नवर तेच सूर सहज लागतात. आणखी एक, बेलमध्ये तिचा हात हरवल्यासारखा होतो, असं ती म्हणाली.

रोटरवेडा (वास्को)

म्हणजे अंगठ्याचा रोटर तरी नव्याने करावा लागणार, तिसराही. त्या कामात रोटरवर धातूचा थर चढवतात आणि मग घासत घासत घराच्या मापाला आणून बसवतात. हे यंत्रावरचं, सवयीच्या हातांचं काम आहे. वाद्य परदेशी पाठवायचं, विमा, येण्याजाण्याचा खर्च, कस्टमचे कागद, शिवाय लीडपाइप बदलला तर तो वेगळा. किंमत निम्म्यावरून नव्याच्या जवळ जाईल, आणि तेवढे महिने लेकीच्या हातात वाद्य नसेल. बारावीनंतरच्या ऑडिशनच्या वर्षात ते परवडणार नाही.

हाताचं तिने नेमकं ओळखलंय. घसा रुंद आणि हात लहान असेल तर बेल नीट झाकली जात नाही, सूर आणि आवाजाचा पोत दोन्ही हलतात. सरावाने काही अंशी जमतं, पण आधी सरांना विचारा.

माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नवा घ्या.

दुसरा हॉर्न (मूळचा साखळीचा, सध्या जर्मनीत)

वाचून वाईट वाटलं, पण या निदानावर मीही तिला ८डी घे म्हणणार नाही. व्हॉल्व्ह चांगले निघाले असते तर मी हट्टाने भांडलो असतो.

तरी एक आग्रह. तिला जो आवाज सोडवत नव्हता तो विसरू नका. पैसे भरण्याआधी मुंबईला जा. ६७१ आणि ६६८ दोन्ही जिथे वाजवून बघता येतील असं दुकान किंवा असे वादक शोधा. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात आहे, हंगामात तिथे हॉर्नवादक असतात, सरांच्या ओळखीने कोणाला तरी भेटता येईल. ६६८ चा घसा तिच्या हाताला मोठा पडतो का, हे पाच मिनिटांत कळेल. ८डीच्या निमित्ताने तिला आपला आवाज कुठे आहे ते समजलंय, तर निवडही त्या कानाने करू द्या.

इथून काही वर्षं वापरलेला चांगला हॉर्न पाठवायचाही विचार केला होता.

रोटरवेडा (वास्को)

वापरलेला मागवताना सांभाळून. जुन्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, त्याला परवानगी लागते. कस्टम एजंटाशी आधी बोलल्याशिवाय कुरिअरने काहीही मागवू नका.

आणि ताई, मॉडेल कुठलंही ठरो, निघणाऱ्या बेलचंच घ्या, क्रमांकाच्या शेवटी डी असलेलं. बेल फिरवून वेगळी करता आली की पेटी चपटी होते. कोकण रेल्वेत बर्थखाली बसते, विमानातही नेणं सोपं पडतं. मुंबईच्या फेऱ्या होणार असतील तर याचं मोल दर फेरीला कळेल.

बँडवाला निवृत्त (म्हापसा)

बाई, मडगावच्या काकूंना जे तपासलं ते सगळं खरं सांगा. लिहूनच द्या. त्यांना वाद्यातलं कळत नाही, उद्या कोणी येऊन भंगाराच्या भावात घेऊन जाईल, नाहीतर भिंतीवर शोभेला टांगेल. एल्कहार्टचा हॉर्न आहे, पहिले दोन व्हॉल्व्ह धड आहेत, दुरुस्त केला तर पुढची कित्येक वर्षं वाजेल. ज्यांनी तो वाजवला त्यांच्या घरच्यांना एवढं कळायला हवं.

दुसरा हॉर्न (मूळचा साखळीचा, सध्या जर्मनीत)

काकांशी शंभर टक्के सहमत. मी नाताळात साखळीला येतोय. काकूंची हरकत नसेल तर मला बघायला आवडेल. इथे रोटरचं काम करणारे कारागीर हाताशी आहेत, माझ्यासाठी हिशेब वेगळा पडतो. किंमत त्यांनी सांगितली तीच, घासाघीस करणार नाही.

अंत्रुजकर (फोंडा)

काकूंना फोन केला. दादा, त्या म्हणाल्या जरूर या, वाजवणाऱ्याच्या हातात जातंय तर त्यांना हवंच आहे. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते.

आम्ही पुढच्या शुक्रवारी मुंबईला निघतोय. सरांनी एका वादकांशी बोलणं केलंय, त्यांच्याकडे ६६८ आहे. ६७१ एका दुकानात बघायला मिळेल. दुकानदाराला सांगितलंय की आगाऊ रक्कम त्यानंतर. तुम्हा सर्वांना देव बरें करूं.

शेवटचा प्रश्न. तिचा आत्ताचा माउथपीसच चालेल का, की नव्याबरोबर येतो तो वापरायचा?

रोटरवेडा (वास्को)

दोन्ही वाद्यं तिच्याच माउथपीसवर वाजवून बघू दे, नाहीतर फरक हॉर्नचा की माउथपीसचा ते कळणार नाही. फक्त दांडी नीट बसते का बघा. अमेरिकन आणि युरोपियन दांड्यांचा निमुळतेपणा वेगळा असतो. माउथपीस हलकेच घालून जरा डुलवा. आत टेकल्यावर डुगडुगला तर दांडी त्या लीडपाइपची नाही, आणि तसं वाजवलं तर सगळ्या वाद्याचा सूर बिघडल्यासारखा वाटेल. असं झालं तर त्या हॉर्नसोबत आलेला माउथपीस लावून बघा आणि तसं वहीत टिपून ठेवा.

घरी आणल्यावर रोटरला दोन तेलं लागतात: मागच्या टोपीखाली आणि कळेच्या सांध्याला जाड, स्लाइडमधून आत सोडायला पातळ. पहिले काही महिने तेल जरा सढळ हाताने घाला. पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्या आणि तिची एक प्रत पेटीतच ठेवा, विमानतळावर आणि विम्याला दोन्हीकडे लागते.